सनद आधी की काम आधी? लवादाच्या कामातून लंडनला पोचलेल्या एका वकिलाचे प्रकरण

परदेशात वकिली करायचे मनात आले की बहुतेक जण आधी परीक्षा शोधतात. न्यूयॉर्क बार द्यावी, इंग्लंडची एसक्यूई (तिथल्या सॉलिसिटर वकिलांची परीक्षा) द्यावी की कॅनडाची एनसीए? परीक्षा ठरली की कोर्स ठरतो, कोर्स ठरला की कर्ज, आणि काम कुठे मिळणार याचा विचार सगळ्यात शेवटी येतो. या प्रकरणातल्या वकीलबाईही याच क्रमाने निघाल्या होत्या. पुढे त्यांनी तो क्रम बदलला. आधी काम शोधले, त्या कामाला तिथली सनद लागते का हे तपासले आणि सनदेवाचून अडायला लागले तेव्हा ती घेतली. हा बदल त्यांच्या बाबतीत निर्णायक ठरला, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. त्यांचे नाव, शहर आणि फर्म मुद्दाम गाळली आहे. नियम, आकडे आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

सुरुवातीला हातात काय होते

पाच वर्षांचा एकात्मिक कायदा अभ्यासक्रम, अखिल भारतीय बार परीक्षा, राज्य बार कौन्सिलची सनद आणि सुमारे सहा वर्षांची वकिली. पहिली काही वर्षे एका सिनियरांच्या चेंबरमध्ये गेली, नंतर एका फर्ममध्ये. काम जवळजवळ सगळे लवादाचे, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचांपुढे चालणाऱ्या वादांचे, तेही बांधकाम करारांतले. महामार्ग, वीजप्रकल्प, फिडिक (सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीचे करार. कंत्राटदाराला जमीन उशिरा मिळाली, नकाशे उशिरा मंजूर झाले, मग मुदतवाढ कुणाच्या खात्यावर आणि वाढीव खर्च कुणी सोसायचा, हे त्यांचे रोजचे प्रश्न. निवाडा झाला की १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली त्याला आव्हान, आणि निवाडा परदेशी असेल तर कलम ४८ खाली अंमलबजावणीची लढाई.

२०२३ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) त्यांना प्रवेश मिळाला होता. कर्जाची कागदपत्रे तयार होती. सल्ला घ्यायला त्या आपल्या जुन्या सिनियरांकडे गेल्या.

"सर, जाऊ ना मी?"

"जा गं. पण एक सांग, तिथे तुझ्याकडे कुणी कशासाठी यायचं? अमेरिकेचा कायदा तिथल्या पोरांना येतोच. तुला असं काय येतं जे त्यांना येत नाही?"

पहिल्यांदा ऐकताना हा प्रश्न नाउमेद करणारा वाटतो. पण परदेशी वकिलाला नोकरी देणारा माणूस मनातल्या मनात हाच प्रश्न विचारत असतो. बाईंनी तो गांभीर्याने घेतला आणि कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी पूर्ण हिशोब मांडायला बसल्या.

न्यूयॉर्कचा हिशोब

न्यूयॉर्कमध्ये परदेशी पदवीधराला परीक्षेला बसू द्यायचे की नाही, हे तिथल्या कोर्ट ऑफ अपील्सचा नियम ५२०.६ ठरवतो. पदवी कॉमन लॉ (इंग्रजी परंपरेचा कायदा) देशातली आहे, पूर्णवेळ आहे, कालावधी आणि आशय या दोन्हींत तिथल्या शिक्षणाशी जुळते, असे परीक्षा मंडळाला पटले तर एलएलएमशिवायही परीक्षेला बसता येते. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते आणि प्रवेश विकणारे ती सांगत नाहीत. कालावधी किंवा आशय यांपैकी एकात कमी पडले तर मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयातली किमान २४ क्रेडिटची एलएलएम करून ती उणीव भरता येते. दोन्हींत कमी पडले तर एलएलएमनेही काम होत नाही. म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी मंडळाकडून पात्रतेची आगाऊ तपासणी करून घ्यावी. त्यासाठीचे गुणपत्रक विद्यापीठाकडून थेट मंडळाकडे जावे लागते. पदवीवर एक आडनाव आणि सनदेवर दुसरे, असे असेल तर त्या जुळवणीतच बराच काळ जातो. बाईंच्या बाबतीत नेमके तेच होते.

परीक्षा अवघड आहे, पण आवाक्याबाहेरची नाही. युनिफॉर्म बार परीक्षेत ४०० पैकी २६६ गुण, व्यावसायिक आचरणाच्या स्वतंत्र परीक्षेत ८५, न्यूयॉर्कच्या कायद्यावरची एक ऑनलाइन परीक्षा आणि ५० तासांचे विनामूल्य कायदेशीर सेवाकार्य. सहा वर्षे कोर्टात काढलेल्या माणसाला हे जमते.

घोडे अडत होते कॅलेंडरपाशी. एलएलएम मे महिन्यात संपते. बारची परीक्षा जुलैच्या अखेरीस. निकाल साधारण ऑक्टोबरात. शिक्षणानंतर काम करण्यासाठी मिळणारी ओपीटीची मुदत १२ महिन्यांची, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळते तशी वाढ कायद्याच्या पदवीला नाही. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची नोंदणी मार्चमध्ये. म्हणजे निकाल हातात आल्यापासून पाचेक महिन्यांत असा मालक शोधायचा जो परदेशी वकिलाला घेईल आणि त्याच्यासाठी एच-१बीची नोंदणीही करेल. त्यानंतरही निवड सोडतीवर, कारण वर्षाला जागा ८५,०००, त्यातल्या २०,००० अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी. शिवाय मोठ्या फर्म्स आपली भरती प्रामुख्याने जेडी (तिथली कायद्याची मूळ पदवी) करणाऱ्या विद्यार्थ्यांतून, उन्हाळी उमेदवारीच्या मार्गाने करतात. एलएलएम करणाऱ्यांसाठी त्यात थोडीच जागा उरते. थोडक्यात, सनद मिळेल याची बऱ्यापैकी खात्री होती, पण तिच्या जोरावर काम मिळेल याची अजिबात नव्हती.

कागदावर हे लिहून काढल्यावर बाईंनी प्रवेश सोडला. त्यांना हे सोपे गेले नाही. घरी सगळ्यांना सांगून झाले होते. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच होता. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेबाहेरील नव्या उमेदवारांच्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू झाले. ते २०२३ मध्ये कुणाला दिसणे शक्य नव्हते, पण धोरण एका रात्रीत बदलू शकते हे गृहीत धरूनच असे हिशोब करायचे असतात.

एलएलएम वाया जाते असे मात्र मी म्हणणार नाही. अध्यापनात जायचे असेल, अमेरिकी करारांवरच काम करायचे असेल, किंवा विषयच बदलायचा असेल तर ती उपयोगी पडते. बाईंना यातले काहीच करायचे नव्हते.

कॅनडाचा विचार त्यांनी थोडक्यात केला. तिथे नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन (एनसीए) तुमची पदवी तपासते आणि कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते ठरवून देते. घटनात्मक कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याचा पाया आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय परदेशी पदवीधराला सहसा चुकत नाहीत. परीक्षा घरबसल्या देता येतात, ही मोठी सोय. त्यानंतर प्रांताच्या लॉ सोसायटीच्या परीक्षा आणि उमेदवारी. क्वेबेक प्रांताची खासगी कायद्याची परंपरा वेगळी, त्यामुळे तिथला रस्ताही वेगळा. कुटुंबासह कायमचे स्थलांतर करायचे असेल तर हा मार्ग चांगला आहे. बाईंना लवाद सोडायचा नव्हता आणि त्यांच्या कामाची माणसे तिथे कमी होती.

जिथे सनद लागत नाही ते काम

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ चा लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट सहा प्रकारची कामे राखीव ठेवतो: न्यायालयात उभे राहून बाजू मांडणे, दावा चालवणे, स्थावर मालमत्तेचे ठरावीक दस्त करणे, प्रोबेटचे (मृत्युपत्राच्या न्यायालयीन मान्यतेचे) कागद तयार करणे, नोटरीचे काम आणि शपथ देणे. ही कामे परवानाधारकांनीच करायची. कायद्याचा सल्ला देणे हे एरवी राखीव काम नाही. लवादापुढे बाजू मांडणे हेही नाही.

सिनियरांच्या प्रश्नाचे उत्तर बाईंना इथे मिळाले. लंडन हे जगातल्या मोठ्या लवाद केंद्रांपैकी एक. तिथे चालणाऱ्या प्रकरणांत अनेकदा एक पक्ष भारतीय असतो, कधी मूळ कराराला भारतीय कायदा लागू असतो, आणि निवाडा झाल्यावर वसुली करायची मालमत्ता भारतात असते. अशा प्रकरणात कलम ४८ ची खाचाखोच जाणणारा माणूस टीममध्ये असावा लागतो. तिथल्या सॉलिसिटरला ते येत नाही, बाईंना झोपेतून उठवले तरी येत होते.

मग त्यांनी आपला बायोडेटा नव्याने लिहिला. आधीच्या बायोडेटात "उच्च न्यायालयात आणि लवादापुढे असंख्य प्रकरणांत हजर" अशी ओळ होती. भारतात ही ओळ शोभते. तिकडच्या वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण हजर राहणे म्हणजे तारीख घेणे की उलटतपासणी घेणे, हे त्यात नाही. नव्या बायोडेटात पाचच प्रकरणे होती. प्रत्येकात कराराचा प्रकार, वादाचा मुद्दा, स्वतः केलेले काम आणि शेवट. नमुन्यादाखल एक: "महामार्ग प्रकल्प, फिडिक पद्धतीचा करार. जमिनीचा ताबा टप्प्याटप्प्याने मिळाल्याने झालेल्या विलंबाचा दावा. दाव्याचे निवेदन लिहिले, विलंब-तज्ज्ञाबरोबर कालरेषा तयार केली, मालकाच्या प्रकल्प अभियंत्याच्या उलटतपासणीचे प्रश्न काढले. निवाडा कंत्राटदाराच्या बाजूने, कलम ३४ खालील आव्हान फेटाळले." पक्षकारांची नावे अर्थातच नाहीत.

त्याबरोबर त्यांनी एक टिपण जोडले: परदेशी निवाड्याची भारतात अंमलबजावणी करताना 'सार्वजनिक धोरणा'चा (निवाडा देशाच्या मूलभूत धोरणाविरुद्ध असल्याचा) आक्षेप २०१५ च्या दुरुस्तीनंतर किती उरला. जेमतेम तीन पाने. भारतीय पक्षकारांची प्रकरणे हाताळणाऱ्या टीम शोधून त्यांनी ते टिपण थेट त्या टीमच्या प्रमुखांना पाठवले, भरती विभागाला नाही. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणी मात्र त्याच आठवड्यात तसा प्रश्न टेबलावर आला होता. मुलाखतीचा बहुतेक वेळ त्या तीन पानांवरच गेला.

व्हिसासाठी स्पॉन्सर परवाना (परदेशी माणसाला नोकरीवर आणण्याचा परवाना) असलेला मालक लागतो, तो या फर्मकडे होता. बाई २०२४ च्या फेब्रुवारीत रुजू झाल्या. लगेच ४ एप्रिल २०२४ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली, आणि २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० झाली. त्या कामाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो लागू होतो. छोट्या फर्ममध्ये कमी पगारावर शिरकाव करून घेऊ, असा बेत करणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत. सनद देणारी संस्था आणि व्हिसा देणारे खाते यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि एकाने हो म्हटल्यावर दुसरे अडत नाही असे मुळीच नाही.

मायदेशातल्या सनदेचे काय करायचे

हा मुद्दा बहुतेकांकडून राहून जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवायचे आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. बाईंनी निघण्याआधी रीतसर अर्ज करून सनद स्थगित करून घेतली. त्याआधी त्यांनी सदस्यत्वाचा आणि कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नसल्याचा दाखला घेतला, कारण परदेशातली प्रत्येक संस्था तो मागते. असे दाखले जुने झाले की चालत नाहीत. पुढे नवा लागणार हे ओळखून कार्यालयातला अर्जाचा नमुना, शुल्काची पद्धत आणि आपल्या वतीने अर्ज देणाऱ्या सहकाऱ्याचे अधिकारपत्र हे सगळे त्यांनी तयार ठेवले. पुढे ते कामी आले.

नोकरीतही एक पथ्य होते. सॉलिसिटर नसताना सॉलिसिटर असल्याचे भासवणे हा १९७४ च्या सॉलिसिटर्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. ईमेलखालच्या सहीत 'भारतात सनदप्राप्त, इंग्लंडमध्ये नाही' असे स्पष्ट लिहिलेले असे. पक्षकार बैठकीत सहज "आमच्या सॉलिसिटर" म्हणाला तरी त्या दुरुस्त करत.

काम जिथे अडले

पहिले काही महिने सुरळीत गेले. मग त्यांच्याच एका प्रकरणात निवाडा झाला आणि समोरच्या पक्षाने अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढून इंग्लंडच्या उच्च न्यायालयात जायचे ठरवले. तिथल्या १९९६ च्या लवाद कायद्याचे कलम ६७ अधिकारक्षेत्रासाठी, ६८ गंभीर अनियमिततेसाठी, ६९ कायद्याच्या मुद्द्यावरच्या अपिलासाठी. मुदत २८ दिवसांची. कागद बाईंनी कोळून प्यायलेले, साक्षीपुरावा त्यांना तोंडपाठ. पण प्रकरण न्यायालयात गेले की दावा चालवणे हे राखीव काम सुरू होते. मसुदे त्या करू शकत होत्या, पण जबाबदारी आणि सही सॉलिसिटरची. टीममध्ये त्यांच्याहून कमी अनुभवाच्या सहकाऱ्याकडे प्रकरण गेले आणि त्या त्याला मुद्दे पुरवत राहिल्या.

इथून पुढे एसक्यूई देण्याला कारण मिळाले, आणि हे कारण ठोस होते. याच कामासाठी सनद हवी, याच फर्ममध्ये हवी, आणि फर्मही शुल्काचा भार उचलायला तयार होती.

एसक्यूई: ओळखीचा कायदा जास्त दगा देतो

सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने ही परीक्षा १ सप्टेंबर २०२१ पासून आणली. आधी परदेशी वकिलांसाठी वेगळी परीक्षा होती, ती बंद होऊन सगळ्यांना एकच झाली. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येक पेपरची दोन सत्रे, एका सत्रात ९० प्रश्न आणि २ तास ३३ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला १०२ सेकंद. दुसऱ्या टप्प्यात १६ प्रात्यक्षिके, १२ लेखी आणि ४ तोंडी. तोंडी भाग इंग्लंड-वेल्समध्ये जाऊनच द्यावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून दोन्ही टप्प्यांचे शुल्क मिळून ४,७९० पौंड होते. पहिल्या टप्प्यात २०२४ च्या जानेवारीत ५६ टक्के उत्तीर्ण झाले, जुलैत ४४ टक्के. नव्या उमेदवाराला लागणारा दोन वर्षांचा कामाचा अनुभव आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलाला लागत नाही, ही मोठी सवलत.

भारतीय वकिलाला वाटते की करार कायदा आपलाच आहे, तिथे गुण कुठे जाणार. बाईंच्या पहिल्या मॉक टेस्टमध्ये सगळ्यात जास्त चुका करार कायद्यातच निघाल्या. आपल्या १८७२ च्या कायद्यात मोबदला तिसऱ्या व्यक्तीने दिला तरी चालतो, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून आधी करून झालेले कामही मोबदला ठरते. इंग्लंडमध्ये मोबदला वचन घेणाऱ्याकडूनच यावा लागतो आणि झालेले काम सहसा मोबदला होत नाही. अल्पवयीनाचा करार आपल्याकडे १९०३ च्या मोहोरी बीबी प्रकरणापासून मुळातच शून्य. तिकडे जीवनावश्यक गोष्टींचा करार त्याला बांधतो आणि बाकीचे बरेच करार मोडायचे की नाही हे तो ठरवतो. फौजदारीतही तेच. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही हे आपल्या हाडीमाशी रुजलेले. तिथे तो येतो, फक्त जुलूम करून किंवा अविश्वसनीय ठरावा अशा परिस्थितीत घेतला असेल तर वगळला जातो. चौकीत गप्प राहून नंतर न्यायालयात बचाव मांडला तर त्या गप्प राहण्याचा अर्थ आरोपीविरुद्ध लावता येतो. १०२ सेकंदांत जुन्या सवयीचे उत्तर आधी हाताशी येते.

जमिनीचा कायदा तर पूर्ण नव्याने शिकावा लागला. एक प्रश्न त्यांनी मला समजावून सांगितला होता. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर नोंदलेले. खरेदीत बायकोनेही पैसे घातलेले, ती तिथेच राहते. नवरा तिला न सांगता घर बँकेकडे गहाण ठेवतो, हप्ते थकतात, बँक ताबा मागते. बायकोचा हक्क बँकेला बांधतो का? भारतीय वकील लगेच म्हणेल, ताबा म्हणजे सूचना (तिच्या हक्काची बँकेला जाणीव होती असे धरणे), बँकेने चौकशी करायला हवी होती, म्हणून बांधतो. उत्तर बरोबर, कारण चूक. नोंदणीकृत जमिनीत तिकडे सूचनेचा प्रश्नच येत नाही. विश्वस्ताच्या नात्याने नवऱ्याने धरलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा आणि तिचा प्रत्यक्ष वावर, या दोन गोष्टी मिळून तिचा हक्क वरचढ ठरतो. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८० मध्ये बोलंड प्रकरणात हे सांगितले. आता तोच प्रश्न थोडा बदला. घर नवरा आणि त्याचा भाऊ अशा दोघांच्या नावावर आहे, बँकेने पैसे दोघांनाही दिले. सूचनेच्या अंगाने विचार करणारा पुन्हा बायकोच्या बाजूने उत्तर देईल आणि चुकेल. दोन विश्वस्तांना रक्कम मिळाली की बायकोचा हक्क घरावरून उठून त्या रकमेवर जातो आणि बँक सुटते. हा १९८७ चा फ्लेग प्रकरणाचा निकाल. परीक्षा काढणारे याच फरकावर प्रश्न बेततात.

२०२५ च्या जानेवारीत बाईंचा पहिला पेपर सुटला, दुसरा राहिला. दुसऱ्यात स्थावर मालमत्ता, विश्वस्तनिधी, मृत्युपत्रे, फौजदारी आणि सॉलिसिटरचे हिशोब. अशिलाचे पैसे आणि फर्मचे पैसे वेगळ्या खात्यांत ठेवून नोंदी करण्याची शिस्त ज्यांनी कधी पाळलेली नाही, त्यांना तो हिशोबाचा भाग चकवतो. राहिलेला एकच पेपर पुन्हा द्यायचा असतो. जुलैत त्यांनी तो काढला. मधल्या काळात पद्धत बदलली: वाचन निम्म्यावर आणले, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी 'भारतीय सवय' की 'माहितीच नाही' असा शेरा लिहायला लागल्या. पहिल्या प्रकारच्या चुका दुसऱ्यापेक्षा जास्त निघाल्या.

दुसऱ्या टप्प्यातून अनुभवी परदेशी वकिलांना सूट मागता येते. काही देशांच्या वकिलांबाबत ती आधीच ठरलेली असते, एरवी वैयक्तिक अर्ज तपासला जातो. बाईंनी आपल्या अनुभवाची एकेका कौशल्याशी सांगड घालून पुरावे दिले: अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदे, संशोधन. बायोडेटासाठी लिहिलेली ती पाच प्रकरणे इथे पुन्हा उपयोगी आली. सूट मिळाल्यावर इंग्रजीवरील प्रभुत्वाचा पुरावा वेगळा द्यावा लागतो, तो त्यांनी इंग्रजी माध्यमातल्या पदवीच्या आधारे दिला. भारतातून बार कौन्सिलचा नवा दाखला सहकाऱ्याने वेळेत काढून पाठवला. चारित्र्याची छाननी झाली आणि २०२५ संपता संपता नाव सॉलिसिटरांच्या रोलवर (नोंदवहीत) आले.

सेवाज्येष्ठतेचा वाद

सॉलिसिटर झाल्यावर एक जुना प्रश्न उभा राहिला. तिकडे वकिलाची पायरी आणि पगार सनदेनंतरच्या अनुभवाच्या वर्षांवर ठरतो, त्याला सगळे पीक्यूई म्हणतात. बाईंची एकूण वकिली तोवर आठ वर्षांवर गेलेली. फर्मच्या मनुष्यबळ विभागाचा पहिला प्रस्ताव शून्य वर्षे, म्हणजे नवख्या सॉलिसिटरची पायरी. मला हा प्रस्ताव अन्यायाचा वाटतो. लवादात दाव्याचे निवेदन लिहिण्याचे कसब सीमा ओलांडल्याने पुसले जात नाही. दुसरीकडे, इंग्लंडच्या न्यायालयीन कार्यपद्धतीचा अनुभव त्यांना खरेच नव्हता, हेही खरे. बाईंनी भावनेवर न जाता कामाची यादी ठेवली: गेल्या दोन वर्षांत कोणती कामे एकट्याने केली, ती फर्ममध्ये एरवी कोणत्या पायरीचे लोक करतात. टीम-प्रमुखांनी ती उचलून धरली. शेवटी चार वर्षे धरली गेली.

रुजू होण्याआधीच ही बोलणी लेखी करून घेतली असती तर बरे झाले असते, असे बाई स्वतः सांगतात. नोकरीच्या पत्रात 'इथली सनद मिळाल्यावर आधीचा अनुभव अमुक प्रमाणात धरला जाईल' एवढे एक वाक्य घालता येते. नोकरी देताना मालक ते मान्य करण्याची शक्यता जास्त असते.

आज

आता कलम ६७ चा अर्ज आला तर तो त्या स्वतः चालवू शकतात. उच्च न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करायचा असेल तर सॉलिसिटरला वेगळे मूल्यमापन देऊन वरच्या न्यायालयांतला हक्क मिळवावा लागतो. तो त्यांनी सध्या मागितलेला नाही. लवादापुढे त्याची गरज नाही आणि न्यायालयात ती बाजू बॅरिस्टर सांभाळतात. दरम्यान १ ऑगस्ट २०२५ पासून तिथला नवा लवाद कायदा लागू झाला आहे. पक्षांनी स्पष्टपणे दुसरे काही ठरवलेले नसेल तर लवाद कराराला आता लवादाच्या स्थळाचा कायदा लागू होतो. ज्या करारांना भारतीय कायदा लागू आहे पण लवादाचे स्थळ लंडन आहे, त्यांत हा बदल थेट पडतो, आणि अशा करारांची छाननी हे सध्या त्यांच्या टेबलावरचे मोठे काम आहे. भारतातली सनद स्थगितच आहे. परतायचे ठरले तर नोकरी सोडून बार कौन्सिलकडे अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते, म्हणून तिचे सगळे कागद त्यांनी एका फाइलीत चालू ठेवले आहेत.